बिया उडवणारं परकं जिरेनियम: जमिनीत लावू की नको?

ओलीमाती

मंडळी, एक निर्णय अडलाय. तुमच्याशी बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलंय.

एका मैत्रिणीने कागदाच्या पुडीत अकरा बिया दिल्या. पुडीवर पेन्सिलीने 'जिरेनियम थुनबर्गी' एवढंच लिहिलंय. तिच्या कुंडीतलं फूल मी पाहिलं होतं. करंगळीच्या नखापेक्षा जरा मोठं, पाच पांढऱ्या पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीवर कुणी जांभळ्या शाईने केसभर जाडीच्या रेघा ओढल्यासारख्या शिरा. फुलं जोडीजोडीने येतात. पाहिल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

मी शोधलं ते असं. हे मूळचं पूर्व आशियातलं. जपान, कोरिया, चीन, तैवान. १७७५-७६ मध्ये जपानात राहून तिथल्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या कार्ल पीटर थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलंय. म्हणजे माझ्या बागेत ते सर्वस्वी पाहुणं. ज्यांना विचारलं त्यांतल्या कुणी ते लावलेलं नाही, बहुतेकांनी नावही ऐकलेलं नाही.

बागेच्या मागच्या कोपऱ्यात मोठ्या झाडाखाली एक उघडा पट्टा आहे. तिथे काहीच टिकत नाही, आणि हे तिथे छान पसरेल असं वाटतं. पण कुंपणापलीकडे ओहोळ आहे आणि त्याच्या काठाने मोकळं रान आहे. तिथे इथलीच, कुणी न लावलेली फुलं दरवर्षी येतात. म्हणून हात थांबलाय. लावू का?

पानोपानी

लावा की! माझ्याकडे खिडकीत गेली नऊ वर्षं लाल आणि गुलाबी जिरेनियम आहेत. एकदाही कुंडीबाहेर एक रोप आलेलं नाही. उलट दरवर्षी फांद्या खोचून नवी करावी लागतात. जिरेनियम पसरतं ही भीती मला तरी पटत नाही.

सूक्ष्मदर्शी

पानोपानी, तुमचा अनुभव खराच आहे, पण तो दुसऱ्या झाडाचा आहे. इथे सगळ्यांचाच गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खिडकीतलं जाड पानांचं, मांसल दांड्याचं, गुच्छात फुलणारं जे आपण जिरेनियम म्हणून आणतो ते पेलार्गोनियम. त्याच्या बहुतेक जाती दक्षिण आफ्रिकेतल्या. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये दोन्ही एकाच जिरेनियम प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातली होती. १७८९ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए याने पेलार्गोनियम वेगळं काढलं. शास्त्राने नाव बदललं, बागांनी बदललं नाही, आणि तो घोळ सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ चाललाय.

ओळखायला सोपं आहे. खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या असतात, फूल कुठूनही पाहा. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींपेक्षा वेगळ्या दिसतात. नावं दोन्हीकडे पक्ष्यांवरूनच पडलीत: ग्रीकमध्ये 'जेरानोस' म्हणजे क्रौंच, 'पेलार्गोस' म्हणजे करकोचा. दोन्हींचं फळ चोचीसारखं लांबट असतं.

पण खरा फरक त्या चोचीच्या वागण्यात आहे, आणि ओलीमातींच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. पेलार्गोनियमच्या बीला पिसासारखे केस असतात, ते वाऱ्याने जातं. खिडकीतली संकरित झाडं तर आपण फांद्यांवरूनच वाढवतो, त्यामुळे बीपर्यंत गोष्ट जातच नाही. जिरेनियमच्या बऱ्याच जातींत चोच म्हणजे चक्क गोफण. चोचीच्या बुडाशी पाच कप्पे, प्रत्येकात एक बी. फळ वाळत जातं तसा प्रत्येक कप्प्याला जोडलेल्या पट्टीवर ताण चढतो. मग कोरड्या दुपारी ती पट्टी बुडाकडून सुटते, झटक्यात वर वळते आणि बी फेकून देते. थुनबर्गी याच गटातलं. बिया उडून गेल्यावर वर पाच गुंडाळलेल्या पट्ट्या राहतात. जपानात मिरवणुकीत खांद्यावरून नेतात त्या देव्हाऱ्याच्या छपराचे कोपरे असेच वर वळलेले असतात, म्हणून तिथे या झाडाला 'देव्हारा-गवत' अशा अर्थाचंही नाव आहे.

ओलीमाती

सूक्ष्मदर्शी, खूप आभार. मैत्रिणीच्या कुंडीत मी त्या वळलेल्या पट्ट्या पाहिल्या होत्या आणि ती सुकलेली फुलं समजले होते! म्हणजे बिया तेव्हाच उडून गेलेल्या होत्या.

जुनीबाग

ओलीमाती, मी वयाने बरीच मोठी आहे म्हणून 'अगं' म्हणते. माझ्या बाबतीत घडलेलं सांगते.

फार वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून मी नेच्याची कुंडी आणली. कुंडीच्या कडेला एक चिमुकलं रोप होतं, लालसर दांडी, कातरलेली नाजूक पानं. नेच्याहून तेच मला आवडलं, म्हणून राहू दिलं. त्याला बोटभरही नाहीत अशी गुलाबी फुलं आली. पान चुरगळलं की रबर जळल्यासारखा वास यायचा. पुढे कळलं की ते 'हर्ब रॉबर्ट', म्हणजे जिरेनियम रॉबर्टिअॅनम.

दुसऱ्या वर्षी ते नेच्याच्या कुंडीत नव्हतं. पायरीच्या फटीत होतं, पाण्याच्या नळाखाली होतं, आणि ज्या भिंतीवर मी कधी मूठभर माती टाकली नाही त्या भिंतीच्या भेगेत होतं. उपटायला एकदम सोपं, मुळं वरवरची. दोन बोटांत धरलं की येतं. त्या सोपेपणानेच मी फसले. आज उपटू, उद्या उपटू, असं करत मी तीन बहर जाऊ दिले. चौथ्या वर्षी शेजारच्या वहिनींनी विचारलं, "तुमच्याकडचं ते लाल दांडीचं आमच्या वाफ्यात कसं आलं हो?" त्या रागावल्या नव्हत्या, पण मला फार वाईट वाटलं. माझी हौस त्यांच्या कंबरेला कामाला लावत होती.

त्यानंतर सहा वर्षं मी दर आठवड्याला खुरपं घेऊन दोन्ही घरांच्या बाजूंनी फिरले. आता नाहीये असं वाटतं. तरी पाऊस पडून गेला की भिंतीची ती भेग मी आधी बघते.

खुरपंधारी

जुनीबाग ताईंना पूर्ण अनुमोदन. हर्ब रॉबर्ट आणि त्याचंच चकचकीत पानांचं भावंड जिरेनियम ल्युसिडम, ही दोन्ही अमेरिकेच्या वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांत उपद्रवी तणांच्या अधिकृत यादीत आहेत. युरोपात हीच दोन्ही आपल्या घरची साधी रानफुलं. ओरेगनमध्ये ल्युसिडम ओकच्या रानात शिरलं आणि जमिनीलगत दाट गालिचा करून बसलं. झाड वाईट नसतं, जागा चुकते.

थुनबर्गीही उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात बागेबाहेर पडून आपसूक वाढतंय. म्हणजे ते बाहेर पडू शकतं हे सिद्ध झालेलं आहे. कुंपणापलीकडे ओहोळ असताना मी ते मातीत लावणार नाही. वाहतं पाणी बिया कुठे नेईल ते आपल्या हातात राहत नाही.

तीनकुंड्या

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. माझ्या तीनच कुंड्या आहेत, त्यामुळे नवं काही लावायचं म्हणजे माझ्यासाठी मोठी गोष्ट असते.

विल्यमसन आणि फिटर या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये मांडलेला 'दहाचा नियम' प्रसिद्ध आहे. बाहेरून आणलेल्या दहा जातींतली साधारण एक बागेबाहेर पडते, अशा दहांतली एक तिथे कायमची स्थिरावते, आणि स्थिरावलेल्या दहांतली एक उपद्रवी होते. म्हणजे बहुसंख्य पाहुणे निरुपद्रवीच असतात. आपल्या बागांतली बरीच फुलझाडं परकीच आहेत. प्रत्येकाकडे संशयाने पाहिलं तर बागेत उरेल काय?

आणि मधमाश्या? जिरेनियमच्या फुलांवर त्या खूप येतात. मला तर एवढ्यासाठीच ते हवंसं वाटतं.

सूक्ष्मदर्शी

मधमाश्यांचा विषय काढलात म्हणून राहवत नाही. १७८७ साली ख्रिस्टियन कोनराड श्प्रेंगेल नावाचा एक जर्मन शिक्षक रानातल्या जिरेनियमचं, जिरेनियम सिल्व्हॅटिकमचं, फूल बघत होता. पाकळीच्या बुडाशी त्याला मऊ केसांची झालर दिसली. त्याच्या मनात आलं, निसर्गाने हे केस उगाच ठेवले नसतील. मग त्याला केसांखाली मधाचा थेंब दिसला. पावसाचं पाणी वर अडतं, आणि कीटकाला मात्र मध मिळतो. या एका पाकळीपासून तो फुलं आणि कीटक यांच्या नात्याकडे वळला आणि १७९३ मध्ये त्याने त्यावर मोठा ग्रंथ काढला. परागीभवनाच्या अभ्यासाची एक सुरुवात जिरेनियमच्या पाकळीत आहे. तुम्हीही भिंग घेऊन बघा, केस दिसतात.

पण दहाच्या नियमाबद्दल थोडं. तो अंदाज अनोळखी जातीसाठी ठीक आहे, जिच्याबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही अशा जातीसाठी. थुनबर्गीने पहिली पायरी ओलांडलेली आपल्याला माहीत आहे. मग त्याच्यासाठी दहात एक हा हिशोब लावता येत नाही.

खुरपंधारी

आणि वेळ. आज पसरलं नाही म्हणजे कधीच पसरणार नाही असं नसतं. इंगो कोवारिक या जर्मन अभ्यासकांनी १९९५ मध्ये जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग भागातल्या परक्या झाडाझुडपांचा इतिहास तपासला. पहिली लागवड झाल्यापासून आपसूक पसरायला लागेपर्यंत झुडपांना सरासरी १३१ वर्षं लागली होती आणि वृक्षांना १७०. जिरेनियम काही वृक्ष नव्हे, त्याची पिढी वर्षा-दोन वर्षांची, त्यामुळे हे आकडे त्याला लागू नाहीत. पण 'इतकी वर्षं झाली, काही झालं नाही' हा युक्तिवाद किती ठिसूळ आहे ते यातून कळतं. घाणेरीसुद्धा कुणीतरी रंगीत फुलांसाठी हौसेनेच लावली होती.

पानोपानी

माझं नाव चुकलं होतं हे मान्य. नऊ वर्षं मी पेलार्गोनियमला जिरेनियम म्हणत आलेय! आता एक विचारते. हे औषधी आहे असं वाचलं. मग उपयोगाचं झाड म्हणून लावायला काय हरकत?

सूक्ष्मदर्शी

जपानात ते पोटाच्या तक्रारींवरचं जुनं, घरोघरचं औषध आहे. त्याचं तिथलं नाव 'गेन्नोशोको', अर्थ साधारण 'हातोहात पुरावा', कारण गुण लगेच येतो अशी ख्याती. त्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं, त्यातलं मुख्य जिरेनिइन. पण कृपा करून पुडीतल्या बियांपासून आलेल्या रोपाचा काढा करू नका. फुलं नसताना याची कोवळी पानं बचनागाच्या जातभाईंच्या पानांसारखी दिसतात, आणि तो गट अत्यंत विषारी आहे. ज्या देशात लोक हे झाड पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात तिथेही या गोंधळाबद्दल सावध करतात. आपण तर ते पहिल्यांदा बघतोय.

शिवाय पुडीवर लिहिलंय म्हणून ते थुनबर्गीच असेल असं नाही. जिरेनियम नेपालेन्स त्याच्या इतकं जवळचं आहे की थुनबर्गीला बराच काळ त्याचाच एक प्रकार मानत. फूल आल्यावर जवळून फोटो टाका: पाकळी, पान, दांड्यावरचे केस, सगळं.

आणि एक नाजूक प्रश्न विचारतो, राग मानू नका. या बिया मैत्रिणीकडे कुठून आल्या?

ओलीमाती

राग कसला. विचारलं तिला. तिच्याच कुंडीतल्या, आणि तिला तिच्या गावातल्या ओळखीच्या बाईंनी दिलेल्या. देशाबाहेरून आलेल्या नाहीत. का विचारलंत?

सूक्ष्मदर्शी

मग बरं. झाडाबरोबर न दिसणारे प्रवासी येतात, म्हणून विचारलं. पेलार्गोनियमची दोन उदाहरणं आहेत. दक्षिण आफ्रिकेतलं एक छोटं तपकिरी फुलपाखरू, कॅसिरियस मार्शली, रोपांबरोबर युरोपात गेलं. १९९० च्या सुमारास ते स्पेनच्या बालेआरिक बेटांवर सापडलं आणि तिथून दक्षिण युरोपभर गेलं. त्याची अळी दांडा आतून पोखरते. दुसरं, २००३ आणि २०२० मध्ये बाहेरून मागवलेल्या पेलार्गोनियमच्या रोपांमधून अमेरिकेत राल्स्टोनिया जिवाणूचा असा प्रकार पोहोचला, जो बटाटा-टोमॅटोला मर रोग लावतो. हरितगृहांतली रोपं शोधून शोधून नष्ट करावी लागली. म्हणून कुणीही प्रवासातून परतताना ओल्या फडक्यात फांदी गुंडाळून आणू नये. बी असो वा रोप, सीमा ओलांडताना त्याची तपासणी आणि कागदपत्रं लागतात आणि ती योग्यच आहेत. तुमच्या भागातल्या उपद्रवी वनस्पतींच्या सरकारी यादीतही एकदा हे नाव शोधा.

जुनीबाग

अगं, फुलंच हवी असतील तर न बियाळणारी जात बघ. 'रोझॅन' नावाचं निळं-जांभळं जिरेनियम आहे, माझ्या भाचीकडे आहे. महिनोन्‌महिने फुलतं, बी धरत नाही. गड्डा फोडून वाटता येतं. ऊन फार कडक असेल तिथे मात्र ते कोमेजतं.

सूक्ष्मदर्शी

ताई, उत्तम सुचवलंत. त्याचे आईबाप दोन्ही हिमालयातले: जिरेनियम हिमालयेन्स आणि जिरेनियम वॉलिकिआनमची 'बक्स्टन्स व्हरायटी'. इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यातल्या एका घरच्या बागेत १९८९ मध्ये ते आपोआप जुळून आलेलं सापडलं. २०१३ मध्ये लंडनमधल्या चेल्सीच्या फुलप्रदर्शनाला शंभर वर्षं झाली तेव्हा ते 'शतकाचं झाड' ठरलं. वांझ असल्यामुळे फुलण्यात खंड पडत नाही.

तीनकुंड्या

पण ओलीमातींना ते पांढरं, रेघांचं फूल आवडलंय. दुसरं फूल कितीही चांगलं असलं तरी ते दुसरंच. माझं म्हणणं, जमिनीत नको, कुंडीत लावून बघा. एक बहर पूर्ण बघा, बिया कुठवर जातात ते स्वतः मोजा, आणि मग ठरवा.

खुरपंधारी

कुंडीने मुळं अडतात, बी अडत नाही. हेही लिहून ठेवतो. मोजायचंच असेल तर चोची काळपट होऊ लागताच कुंडी बंद खोलीत न्या आणि खाली पांढरी चादर अंथरा. बाकीच्या सगळ्या चोची हिरव्या असतानाच खुडा.

ओलीमाती

हे पटलं. तसंच करते. फूल येईल तेव्हा इथेच लिहीन.

ओलीमाती (चौदा महिन्यांनी)

मंडळी, शब्द पाळतेय.

अकरा बिया पॉलिश पेपरवर हलक्या घासून पेरल्या, कारण कवच टणक असतं. चार उगवल्या. चारही एका पसरट कुंडीत वाढवल्या आणि कुंडी फरशीवर, कुंपणापासून लांब ठेवली. कोवळ्या पानांवर गडद ठिपके होते, ते पुढे पुसट झाले. दांडे कुंडीच्या काठावरून खाली उतरले आणि मग फुलं आली. तशीच. पांढरी, रेघांची, जोडीने. भिंगातून पाकळीच्या बुडाचे केसही पाहिले. सूक्ष्मदर्शींनी फोटो पाहून थुनबर्गीच असल्याचं सांगितलं. छोट्या काळ्या माश्या आणि दोन जातींच्या मधमाश्या रोज यायच्या.

सगळ्या चोची हिरव्या असतानाच खुडल्या, तीन तेवढ्या ठेवल्या. त्या तपकिरी व्हायला लागल्यावर रिकाम्या खोलीत पांढरी चादर अंथरून कुंडी मधोमध ठेवली, खिडक्या बंद केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेजारच्या खोलीत होते आणि टिक असा आवाज आला. नख आपटल्यासारखा. मग थोड्या वेळाने पुन्हा. आत जाऊन पाहिलं तर एका चोचीच्या पाचही पट्ट्या वर वळल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत तिन्ही फुटल्या. तीन चोचींच्या पंधरा बिया. चादरीवर सहा होत्या. चादरीबाहेर फरशीवर, भिंतीच्या कडेकडेने सात मिळाल्या. भिंत कुंडीपासून सात फुटांवर आहे, म्हणजे भिंत नसती तर त्या कुठे थांबल्या असत्या ते मला सांगता येणार नाही. चौदावी आठवड्याने खिडकीच्या चौकटीच्या खोबणीत सापडली, जमिनीपासून तीन फूट उंच. पंधरावी सापडलीच नाही. खोली दोनदा झाडली, टॉर्च लावून पाहिलं.

बंद खोलीत एक बी मला सापडत नसेल तर ओहोळाच्या काठावर मी काय शोधणार आहे? झाडाखालच्या पट्ट्यात ते लावणार नाही. तिथे ओहोळाच्या काठावरचीच दोन सावलीतली झुडपं फांद्या लावून रुजवलीत. एक जगलंय, दुसऱ्याचं अजून सांगता येत नाही.

जुनीबाग

आणि ती चार रोपं गं?

ओलीमाती

ताई, तीन काढली. त्यांचे दांडे आणि खुडलेल्या चोची खताच्या खड्ड्यात न टाकता पिशवीत बांधून कडक उन्हात पूर्ण वाळवल्या. एक ठेवलंय. ते स्वयंपाकघराच्या खिडकीत आतल्या बाजूला असतं. पाकळ्या गळाल्या की त्याच संध्याकाळी चोच खुडते, पाणी घालतानाच ते काम होतं. ज्या आठवड्यात मी घरी नसेन त्या आठवड्यासाठी कळ्या आधीच काढून टाकते.

मैत्रिणीलाही हा धागा वाचायला दिला. तिच्या कुंडीखालच्या पायरीच्या फटीत तिला काल पाच रोपं मिळाली, दोन दोन पानांची. उपटल्यावर तिने फोटो पाठवलाय, तो खाली जोडते. पानांवर ठिपके बघा, म्हणजे कुणाला कुठे दिसलं तर ओळखता येईल.